सहसा थांबतो

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. (पुरता वाकून नव्हे. आपलं भांडण चालू आहे, हे मी विसरलेले नाही.) गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतेस, की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसतेस? इकडे सगळे ठीक. बाबांची साठी उलटली, तरी धाकटा भाऊ तो धाकटा भाऊच. तुझा फोन वाजला की अजून आधी चष्मा पुसतात. मी तुला पत्र लिहितेय म्हटल्यावर त्यांनी 'ताईशी नीट बोल' एवढंच सांगितलं आणि ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी नीटच बोलणार आहे. पण माफी मागणार नाही. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, म्हणजे तुला ती शोधत शेवटपर्यंत वाचावं लागणार नाही.

तेवीस वर्षांपूर्वी तू आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची संदर्भपुस्तिका लिहिलीस. सहाशे बारा पानं, एकटीने, आणि तीही भाषा अजून धड तयार नसताना. याबद्दल मला तुझा अभिमान आहे आणि तो मी चारचौघांत बोलून दाखवते. पण आता ती पुस्तिका सुधारायचं काम माझ्याकडे आलंय, तर मी ती सुधारणार. मी तुझी वाक्यं कापली म्हणून तू आठ महिने माझ्याशी बोलत नाहीस. कुठली वाक्यं कापली ते तरी बघ. 'सुज्ञ वाचकास अधिक सांगणे न लगे' हे तू एकोणीस ठिकाणी लिहिलंयस, आणि एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी वाचकाला अधिक सांगण्याची नितांत गरज आहे. (पान ३०७ वर तर त्याआधी काहीच सांगितलेलं नाही. मथळा आहे आणि खाली थेट सुज्ञ वाचक.) ती सगळी मी काढली. पुन्हा सापडली तर पुन्हा काढेन.

खरं तर हे काम मला दिलं तेव्हा आमच्या प्रमुखांनी एवढंच सांगितलं होतं की नुसतं अद्ययावत कर. प्रमुख म्हणजे ज्यांनी ही भाषा तयार केली ते. ऑफिसात त्यांना सगळे 'जनक' म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडतं. अद्ययावत करणे म्हणजे त्यांच्या मते मुखपृष्ठावरचा आकडा बदलणे. मी आकडा बदलला. मग पुस्तिका उघडली. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच.

गेल्या महिन्यात एका लिफ्टच्या मेकॅनिकचं पत्र आलं. अकरा मजल्यांच्या एका इमारतीतली लिफ्ट आपल्या भाषेतल्या प्रोग्रॅमवर चालते. दार नीट लागलंय की नाही, हा संकेत प्रोग्रॅमला सतत मिळत असतो. तो तुटला तर काय होतं ते पान २१४ वर आहे, तुझ्याच शब्दांत: 'संकेत येणे बंद झाल्यास कार्यक्रम सहसा थांबतो.' या भल्या माणसाने तार मुद्दाम काढून बघितली, तर लिफ्ट उघड्या दाराने दोन मजले वर गेली. (रिकामीच होती, घाबरू नकोस.) त्याने लिफ्टला कुलूप घातलं, बंद असल्याची पाटी लावली, आणि तेव्हापासून जिने चढणारे अकरा मजले त्याचा उद्धार करताहेत. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता: सहसा थांबतो हे समजलं, एरवी काय करतो ते कुठल्या पानावर आहे?

आत्या, मी सगळी पानं शोधली. कुठेच नाही.

मग आम्ही वीस निरनिराळ्या यंत्रांवर तो प्रोग्रॅम चालवून पाहिला. अकरा यंत्रांवर तो जागच्या जागी थांबला आणि नऊ यंत्रांवर काही झालंच नाही अशा थाटात चालू राहिला. आता गंमत बघ. ती यंत्रं बनवणाऱ्या सगळ्यांनी तुझंच पुस्तक समोर ठेवून काम केलंय आणि सगळे शपथेवर सांगतात की आम्ही पुस्तकाबाहेर गेलो नाही. मी जनकांकडे गेले. म्हटलं, भाषा तुमची, तर तुमच्या मनात काय होतं? त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि सांगितलं की मूळ उद्देश पुस्तिकेत स्पष्ट केलेला आहे. म्हणजे मी पुस्तिकेतलं त्यांना विचारतेय आणि ते मला पुस्तिकेत बघायला सांगताहेत. या कामाचा मी पगार घेते हे कुणाला सांगायचीही सोय राहिलेली नाही.

शेवटी बाबांमुळे उजेड पडला. जेवताना मी हे सांगत होते, तर ते घास हातात धरून थांबले आणि म्हणाले, "अगं, ताईचं सहसा वेगळं असतं." तू वसतिगृहातून घरी पोस्टकार्ड टाकलं होतंस म्हणे: परीक्षा आटोपताच सहसा येते. आजोबा समजले, हिचं काही नक्की नाही. सगळे कुलूप लावून परगावी गेले, आणि तू दुसऱ्याच दिवशी ट्रंक घेऊन दारात हजर. तीन दिवस शेजाऱ्यांकडे राहिलीस आणि सगळे परतल्यावर आजोबांनाच कोश काढून दाखवलास की सहसा म्हणजे एकाएकी. मीही कोश काढला. दोन्ही अर्थ आहेत, एकाखाली एक, जणू त्यांचं एकमेकांशी काही वैर नाही. बहुधा, आणि एकाएकी.

तुझ्या लक्षात येतंय ना? तू जर 'एकाएकी थांबतो' या अर्थाने लिहिलं असशील, तर नऊ यंत्रं चुकली आणि ती दुरुस्त करावी लागतील. 'बहुधा थांबतो' या अर्थाने लिहिलं असशील, तर सगळी दुनिया बरोबर आणि एकटा तो मेकॅनिक चूक. हे मला मान्य नाही. तुझं पुस्तक पानापानाला चिठ्ठ्या खोचून वाचणारा तेवीस वर्षांत तो एकच माणूस निघालाय, आणि त्याला आपण वेड्यात काढायचं?

बैठकीत मी हेच मांडलं. खोलीत सात खुर्च्या, नऊ माणसं आणि फळ्यावर न उमटणारं मार्कर. दोन तास चर्चा झाली. कुणी म्हणालं सहसाऐवजी साधारणपणे लिहू, कुणी म्हणालं शक्यतो. (लिफ्ट शक्यतो थांबेल. वा.) जनक म्हणाले की शब्द जुना आहे, कुणाला बोचत नाही, राहू दे, खाली बारीक अक्षरात टीप देऊ. मी उठले, सगळ्यांच्या देखत 'सहसा' खोडला, वर 'तत्काळ' लिहिलं आणि पेन पर्समध्ये टाकलं. लेखिकेला काय म्हणायचं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे, असंही ठणकावलं. त्यावर जनकांनी थंडपणे सांगितलं की गुरुवारच्या बैठकीपर्यंत लेखिकेचा लेखी दाखला आण, नाहीतर शब्द परत लाव, आणि तेही जमणार नसेल तर पुस्तिका सोडून रंगसंगतीच्या गटात जा. तिथे बटणं निळी असावीत की जास्त निळी, यावर गेली दोन वर्षं काम चालू आहे. आत्या, मी तिथे मरेन. पण शब्द परत लावणार नाही. तुझ्याच घराण्यातली आहे.

गुडघ्याला जप. जिने चढू नकोस.

तुझी (मान्य असो वा नसो)
भाची

ता. क. दाखल्याचं वर आलंच आहे. एक ओळ पुरे: पान २१४, सहसा म्हणजे एकाएकी. खाली सही. बुधवारपर्यंत पोचेल असं टाक.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. 'ठाऊक आहे' एवढ्यावर मी थांबले नव्हते. तुला फोन करून विचारलंय, असं बोलून गेले. तू काय म्हणालीस तेही सांगितलं: 'एकाएकी म्हणजे एकाएकी, मूर्खांनो.' ते बैठकीच्या टिपणात जसंच्या तसं नोंदलं गेलंय, मूर्खांनोसकट. तुझा आवाज सगळ्यांना ओळखीचा वाटला, कुणी शंकासुद्धा घेतली नाही.

ता. क. ३. मी पाकीट बंद करत असताना बाबांनी विचारलं, ताईला खरंच बहुधा म्हणायचं असेल तर? हा विचार मी आजवर येऊ दिला नव्हता. म्हणून आत्ताच मेकॅनिकला कळवून टाकलं की आमच्या पुस्तकावर विसंबू नका, संकेत तुटला की थांब, ही आज्ञा प्रोग्रॅममध्ये स्वतःच लिहा, तीन ओळींचं काम आहे. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, पण मी भांडणात होते. आता तू काहीही उत्तर दिलंस तरी कुणाच्या जिवाला धोका नाही. फक्त मी खोटी पडेन. तेव्हा माझी भीड न धरता जे खरं असेल तेच लिही.