आमदारसाहेब आणि चढणारी रेषा

सक्करदरा. मंगळवार, हिवाळी अधिवेशनाचा दुसरा आठवडा.

डोक्यातून ती रेषा जात नाहीये.

शहरांची वीज खासगी कंपन्यांकडे द्यायचं विधेयक उद्या सभागृहात येतंय. भिवापूरकडचे एक आमदार त्याच्या बाजूचे. शहरं वेगळी काढू नका, हे आमच्या सरकारी वीज कंपनीचं म्हणणं त्यांना पटवायचं म्हणून मी आठवडाभर स्लाइड्स करत बसलो होतो. मुख्य अभियंता मॅडमनी त्या उघडूच दिल्या नाहीत. साहेबांना सरळ नियंत्रण कक्षात नेलं. भिंतीवर सगळ्या विदर्भाच्या वीजमागणीची एकच रेषा. बाहेर ऊन उतरलं आणि रेषा चढायला लागली.

"कोण चढवून राहिलं हिले?" साहेबांनी विचारलं.

"कोणीच नाही साहेब," मॅडम म्हणाल्या. "लोकं घरी येऊन दिवे लावून राहिले."

साहेबांनी बायकोला फोन लावला. "अवं, घरचे सारे दिवे बंद कर बरं. काहून ते मंग सांगतो." आणि एवढा मोठा आमदार, श्वास रोखून रेषेकडे बघत राहिला! रेषा चढतच होती. कोणी हसलं नाही.

निघताना ते एवढंच म्हणाले, "हिच्यातून शहरं वेगळी काढाची म्हणतो आम्ही. कुठून कापाची, सांगा ना."

उद्या मत कुठल्या बाजूनं देतील, कोण जाणे.

घरी आलो. बटणावर बोट ठेवून तसाच उभा राहिलो. "अंधारात काहून उभे?" बायकोनं विचारलं. इतकी वर्षं विजेचीच नोकरी केली, पण बटण जपून दाबलं ते आज.