सुगंधाबाईची मूठ

४ जुलै
मारेगावहून आत्ताच आलो. पाय चिखलात, डोकं हवेत. रानभाज्यांच्या कार्यक्रमात सगळ्यात आधी आमच्या बचत गटाची भांडी रिकामी. तरोट्याची भाजी, ज्वारीच्या कण्या, मोहफुलांचे लाडू. एक मॅडम तरोटा दोनदा मागून खाऊन गेल्या. मोहाचं दारूशिवायही काही होतं, हे बऱ्याच जणांना आजच कळलं म्हणे. वंदना गटाची अध्यक्ष, टेम्पोत फक्त नाचायची बाकी होती. मीही काही कमी नव्हते.

५ जुलै
काल हवेत, आज तोंडावर. जयवंताआजीनं, म्हणजे आमच्या वस्तीचा प्रमुख, नायक, त्याच्या आईनं, हाक मारून विचारलं, तरोट्याचं नवं कधी झालं? वंदना माझ्याकडे, मी तिच्याकडे.
नवं म्हणजे हंगामाची नवी भाजी आधी पूर्वजांना, आणि प्रत्येक चुलीची मूठभर ज्वारी एका हंड्यात. अख्ख्या पोडानं, साऱ्या वस्तीनं, चावडीसमोर बसून खायचं, मगच ज्यानं त्यानं घरी भाजी रांधायची. यंदा हेच परत सुरू करायचं म्हणून आमचा गट उन्हाळ्यापासून घरोघर बोलतोय. आणि आम्हीच तरोटा रांधून, चाखून, बाजारात वाढून मोकळ्या!
"मारेगावले आंधी चारलं, अन् पूर्वजाले मांगून?" आजी एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

६ जुलै
दिवसभर कशात लक्ष नाही. आजीशिवाय नवं कोण करणार? गाणी तिला येतात, पूर्वजांपैकी कुणाचं नाव कुणानंतर घ्यायचं ते तिलाच माहीत.
भासरे, ह्यांचे थोरले भाऊ, गेले त्या वर्षापासून हंडा चढलेला नाही. नायकाच्या अंगणातल्या भट्टीची मोहाची दारू पिऊन ते नाल्यात पडले, उठले नाहीत. सुगंधाबाईनं, माझ्या मोठ्या जावेनं, चावडीसमोर येऊन न्याय मागितला. सगळे मातीकडे बघत बसले. तिनं दार लावून घेतलं ते आजवर. एक मूठ कमी असली तर हंडा चढवता येत नाही, मग चढवलाच नाही. नायकानं नंतर भट्टी मोडली, पण हूं की चूं नाही. तेव्हापासून पोड कसलं, नुसत्या चुली शेजारीशेजारी. पूर्वी कुणाच्या घरी ताप आला तर चार घरची पेज यायची.

७ जुलै
आजीनं दंड सांगितला. ज्यांनी आधी चाखलं, त्यांनीच दारोदार मूठ मागायची. डोक्यावर पदर, हातात सूप, पायात चप्पल नाही. "सगळे दारं," असं माझ्याकडे बघून म्हणाली. वंदनाची टाच नेमकी आजच दुखायला लागली. म्हटलं, लंगडत ये, पण ये.

८ जुलै
फिरलो. लोकांनी हसून हसून घेतलं, पण मूठ कुणी नाकारली नाही. नायकाच्या बायकोनं तर ओंजळ भरून घातली.
शेवटी सुगंधाबाईचं दार. वंदना बाभळीखालीच थांबली. मी कडी वाजवली. बाई बाहेर आली, केस पांढरे झालेत, जवळून आजच बघितले.
"बाई, मूठ मांगाले आली."
तिनं सुपात वाकून पाहिलं. "नायकाच्या घरची हाय का याच्यात?"
"हाय."
"मंग त्याच्यावर माही कशी टाकू, सांग."
दार लोटलं तिनं. आपटलं नाही, लोटलं.

९ जुलै
हे म्हणतात, सोड आता, तिच्याविना करा. मी म्हटलं, मग ते नवं नाही, भंडारा झाला. जेवले नाहीत रागानं. नंतर गुपचूप लाडू खाल्ला, डबा उघडताना पाहिलं मी.
आजीला सुगंधाबाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, रविवारी पाणी चढवा.

रविवार
चावडीसमोर चूल मांडली.
चुलीवर दोन हंडे. एकात तरोटा, दुसऱ्यात पाण्याला उकळी, पण मागून आणलेल्या ज्वारीच्या कण्या अजून सुपातच. सगळे बसलेले. नायकही. आजी काठीवर उठली, त्या बंद दाराकडे तोंड केलं.
"सुगंधा, दारू माह्या पोरानं गाळली. तुहा माणूस त्यानं गेला. हे मी त्याच दिवशी इथं बोलाले पायजे होतं. आज बोलून राह्यली, सगळ्यायच्या समोर."
नायक मान खाली घालून उठून उभा राहिला. मला रडू आलं, वंदनालाही.
बऱ्याच वेळानं कडी वाजली. सुगंधाबाई आली. मूठ सुपात नाही, सरळ उकळत्या पाण्याच्या हंड्यात उघडली. ज्वारी नव्हती. वाळलेली मोहफुलं.
"हे खायाचं हाय," ती म्हणाली. नायकाकडे बघून.
मग कण्या वैरल्या. आजीनं गाणं धरलं, आवाज फाटलेला, तरी धरलं. तिच्या मागून हळूहळू सगळ्या बायका.
सुगंधाबाई बसली नाही. दोन द्रोण पदराखाली झाकून घरी घेऊन गेली. खाल्लं की कोंबड्यांना टाकलं, देव जाणे.

सोमवार
सकाळी हातपंपावर ती आधीच उभी. मी मागे थांबले. तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली, निघाली. मग थांबली.
"तरोट्याले मीठ कमी होतं."
गेली.
मी दांडा हापसतच राहिले. घागर भरून वाहत होती. अंबाडीच्या नव्याला बसशील का, हे विचारायचं राहूनच गेलं.