दुखणं कोणासमोर मोजायचं

तीर्थरूप मावशीस मधलीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांतून गुडघे वगळ, ते हल्ली माझं ऐकत नाहीत.) तुझी नागीण जाऊन वर्ष होत आलं, पण जाताना बरगडीखाली ठेवून गेलेली आग विझली का? काकांचा खोकला कसा आहे? इकडे सगळे ठीक. फक्त आमच्या थोरलीने नात्यागोत्यात ‘मधली गांजाच्या धंद्यात पडली’ असं पसरवलंय, आणि परवा एका चुलत दिरांनी फोन करून, आवाज खाली आणून, मला भाव विचारला.

तर धंदा असा. गांजाच्या झाडापासून काढलेलं औषधी तेल नसांच्या दुखण्यावर चालतं का, हे आमच्या रुग्णालयात तपासायचं आहे. तुला वाटेल, त्यात काय, तेल द्यायचं आणि माणूस बरा होतो का ते बघायचं. पण आधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं, आणि त्या प्रत्येक गोष्टीची व्याख्या लिहावी लागते. आकडेमोड माझ्याकडे असल्याने हे लिखाण माझ्या गळ्यात पडलं. नुसत्या ‘मात्रे’वर बैठकांमागून बैठका झाल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, थेंब मोजा. औषधं बनवणाऱ्या बाई म्हणाल्या, कुणाच्या हातचा थेंब? (त्या बाईंना मी मनातल्या मनात गुरू केलंय.) मग थेंब गेला, मिलिग्रॅम आले, त्यातही गुंगी आणणारा अर्क किती आणि न आणणारा किती, हे वेगवेगळं. ‘झोप’ अंथरुणाला पाठ टेकल्यापासून धरायची की डोळा लागल्यापासून, यावर तर दोन तट पडले. मोठे डॉक्टर त्या चर्चेत मधूनमधून डुलक्या घेत होते. त्या कुठे धरायच्या, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग आलं ‘दुखणं’. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून वाईट सुचतच नाही. चार किंवा त्याच्या वर सांगेल त्यालाच अभ्यासात घ्यायचं, आणि पुढे आकडा दोनाने उतरला तर गुण आला म्हणायचं. कसं सुटसुटीत. रंगीत तालीम म्हणून काही रुग्णांना लागोपाठ दोन दिवस विचारलं. पहिल्या दिवशी परिचारिकेने विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्साहाच्या भरात खुद्द मोठ्या डॉक्टरांनी. आणि मावशी, जवळजवळ सगळ्यांचं दुखणं उतरलं. तेलाची बाटली अजून कपाटातून बाहेरसुद्धा आली नव्हती.

मोठे डॉक्टर खूश. मी मात्र एका म्हाताऱ्या शिंप्याला गाठलं. काल सहा म्हणालात, आज तीन कसे? तो म्हणाला, “अहो बाई, एवढा मोठा माणूस स्वतः खुर्ची ओढून बसला. त्याला तोंडावर सहा सांगायचं? बरं दिसतं का ते?” पलीकडच्या खाटेवरच्या आजी उलट तीनावरून आठावर गेल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी सून डबा घेऊन आली होती. (तिला नको का कळायला, म्हणाल्या.) म्हणून मी बैठकीत सुचवलं, खोलीत कोण होतं हेही लिहून ठेवू. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. “म्हणजे मी औषध आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?” मी म्हटलं, “तसं नाही सर, पण तुमचीसुद्धा मात्रा ठरवावी लागेल.” तेव्हापासून ते माझ्या टेबलाला वळसा घालून जातात. पण नियम झाला. आता प्रश्न एकच परिचारिका विचारणार, आणि तोही रुग्ण एकटा असताना.

बाकी विशेष काही नाही. सहज आठवण आली म्हणून चार ओळी खरडल्या. थोरामोठ्यांना नमस्कार सांग. म्हणजे तुम्हा दोघांनाच, तुमच्याहून थोर आता उरलंय कोण.

तुझी,
मधली

ता. क. सहज वगैरे काही नाही. तुझ्या डॉक्टरांनी याच अभ्यासासाठी तुझं नाव सुचवलंय. (नातं मी वर कळवलंय, तुझे कागद माझ्याकडे येणार नाहीत.) पण पहिल्या फोनवर तू ‘दोन’ सांगितलंस, हे तूच मला कौतुकाने ऐकवलंस. दोन म्हणजे दारातूनच परत. बाई गं, जिला कुशीवर वळता येत नाही म्हणून खुर्चीत बसून झोपावं लागतं, तिचे दोन? सोमवारी तुला रुग्णालयात बोलावलंय, तिथे परिचारिका पुन्हा विचारेल. अमुक आकडा सांग, असं मी म्हणणार नाही. ती लबाडी होईल आणि माझी नोकरी जाईल. तेलाने गुण येईलच असंही नाही, शिवाय निम्म्या लोकांना साधंच तेल मिळणार आहे. पण जे आहे ते सांग. फोन आला तेव्हा काका शेजारी बसले होते ना?

ता. ता. क. तुझा चष्मा अजून दुरुस्तीला असेल तर हे सगळं काकाच मोठ्याने वाचत असणार, हे आत्ता डोक्यात आलं. काका, नमस्कार. सोमवारी तिला दारापर्यंत सोडा आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. तुम्हाला घोर नको म्हणून ती दोन सांगते. आता पुढचं वाक्य गाळू नका, तिला ऐकू द्या. मावशी, काकांना सगळं ठाऊक आहे. खुर्ची रात्री करकरली की तू दचकून जागी होतेस, तर तिला कुठलं तेल घालावं, असं त्यांनी मला मागेच विचारलंय.