बाबूच्या कागदात नसलेली गोष्ट

सूनबाई,

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी बाबूने बरा असताना तो कागद लिहून ठेवला. डोक्याचा आजार उलटला तर उपचाराचा निर्णय बायकोने घ्यायचा, आणि पहिला आठवडा आईला भेटू द्यायचं नाही. म्हणे, आई रडली की मी उपचार सोडून घरी येतो. नऊ महिने पोटात मी वाहिला आणि सही चालते तुझी! काल त्याला दवाखान्यात भरती करताना सहीला मी पुढे झाले, तर नर्स म्हणाली, "आजी, तुम्ही नाही. बायको कुठंय?" तूही लगेच पुढे झालीस. फार लागलं मला.

इथे राहिले तर माझे पाय तिकडेच वळतील, म्हणून धाकटीकडे जाते. अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा चुकांना हसू नकोस. डबा ओट्यावर भरून ठेवलाय.

एक गोष्ट त्या कागदात नाही. तुला सांगणारच नव्हते. आजारात त्याला वाटतं, जेवणात विष कालवलंय. समजावत बसू नकोस. त्याच्यादेखत त्याच्याच डब्यातला पहिला घास तू खा, मग तो जेवतो. आजवर फक्त माझ्याबरोबर जेवलाय. तुझ्याबरोबरही जेवेल.

आई