न जळणाऱ्या साडेसातशे वाती

१२ नोव्हेंबर १९५८, पाडवा
संकल्प केला. येत्या त्रिपुरी पौर्णिमेला अंबरनाथच्या शिवमंदिरात साडेसातशे वाती लावायच्या, सगळ्या स्वतः वळलेल्या. शेजारच्या बंगल्यातल्या कुमुदिनीबाई फराळाला आल्या होत्या. म्हणाल्या, कॉन्व्हेंटात क्रोशे शिकवतात, वाती नाही. तुम्ही आपल्या बाजारातून आणा. गोड हसून म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. तेरा दिवस आहेत. रोज अठ्ठावन्न. सहज.

१३ नोव्हेंबर
वाती अकरा. त्यातल्या सहा बाळीच्या, पण कापूस मी पिंजला होता, तेव्हा माझ्याच धरल्या. बाळी पालेगावहून आमच्याकडे कामाला येते. तिचा नवरा नवसू ह्यांच्या कारखान्यात भट्टीवर आहे. दोघंही कमी बोलणारी. कापसात सरकी फार.

१४ नोव्हेंबर, दुपारी
ह्यांच्या टेबलाखाली लाकडी पेटी आहे. अमेरिकेहून नमुना आलाय. कारखान्याचं स्टोअर दिवाळीत बंद म्हणून नवसूकरवी घरी आणला. भट्टीच्या दाराच्या फटी बुजवायला काहीतरी. जेवताना ह्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं, पण माझं लक्ष कढीकडे होतं. झाकण उघडून पाहिलं. कापूस! पांढराशुभ्र, एक सरकी नाही. परदेशात सगळंच स्वच्छ.
चिमूटभर घेतला. देवासाठी घेतला, तेव्हा चोरी नाही.

१५ नोव्हेंबर
धागा आखूड आहे, पण दुधाचं बोट लावलं की वात धरते. आज दोनशे चाळीस! चिमूट जरा मोठी झाली. पेटीत खड्डा दिसायला लागला म्हणून पाहुण्यांची उशी फोडून तिचा कापूस तळाशी भरला, वर अमेरिकन थर नीट पसरला. कापसाच्या जागी कापूस. रिकामी खोळ बाळीला धुवायला दिली. हात खाजतात. थंडीमुळे असेल.

१७ नोव्हेंबर
साडेसातशे पूर्ण. सकाळी नवसू पेटी सायकलवर बांधून कारखान्यात घेऊन गेला. उचलताना क्षणभर थांबला. मला उगीच वाटलं असेल.
पाच वाती देवघरात लावून पाहिल्या. सुरेख ज्योत.

१९ नोव्हेंबर
अद्भुत. परवाच्याच वाती अजून जळताहेत. तेल संपतं, वात तेवढीच. कुमुदिनीबाईंनी स्वतः चिमट्याने उचलून पाहिली आणि हात जोडले. संध्याकाळपर्यंत सगळी कॉलनी येऊन गेली. निर्वासितांच्या कॅम्प एकमधून पापड विकायला येणारी सिंधी बाईसुद्धा टोपली बाहेर ठेवून आत आली. भक्तीत खरंच ताकद असते आणि ती आपल्याला आहे हे माणसाला उशिरा कळतं. मी पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

२० नोव्हेंबर
हे आठ वाजता घरी आले. एक भुवई जळलेली. भट्टीच्या दाराला तो माल ठासून भरला, हे सगळ्यांना सांगत होते की याला आग लागूच शकत नाही, आणि तो भडकला. नवसूचा हात भाजला.
मी विचारलं, कापूसच तो, जळणारच ना? हे म्हणाले, कापूस नव्हे. चिनी मातीसारखी माती वितळवून, वाफेच्या फवाऱ्याने फुंकून काढलेले धागे, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे. लोखंड लाल होतं त्या आचेलाही त्यांना काही होत नाही. तेव्हा कोणीतरी माल बदलला. पेटी नेली नवसूने. चौकशी होईपर्यंत त्याला कामावरून बंद केलंय.
देवघरात पाचही वाती तेवत होत्या. मी दार लोटून घेतलं.

२१ नोव्हेंबर
उद्या चहाच्या वेळी सांगायचं, हे ठरवलं.
कॉन्व्हेंटात दर शनिवारी ख्रिश्चन मुली फादरपुढे पापं कबूल करायला, कन्फेशनला जात, आम्ही बाहेर बाकावर बसायचो. त्या आत मान खाली घालून जात आणि बाहेर उड्या मारत येत. मला फार हेवा वाटे. एकदा मैत्रिणीचा रुमाल डोक्याला बांधून मीही गेले आणि सिस्टर बेनेडिक्टाच्या झाडाचा पेरू चोरल्याचं सांगितलं. फादरनी तीन प्रार्थना म्हणायला लावल्या. मला एकही येत नव्हती. तरी किती हलकं वाटलं होतं!

२२ नोव्हेंबर
चहाच्या वेळी ह्यांचं डोकं दुखत होतं. आजाऱ्याला त्रास देऊ नये. त्याऐवजी पत्र लिहिलं, इंग्रजीत; अपराध इंग्रजीत जास्त नीट मांडता येतो. चार पानं. मजकूर खरोखर चांगला उतरलाय. पुन्हा फेअर करायला हवं, म्हणून ट्रंकेत ठेवलं.

२३ नोव्हेंबर
बाळीला माझं निळं पातळ आणि डबाभर चकल्या दिल्या. चकल्या घेतल्या. पातळ घडी न मोडता पलंगावर ठेवून गेली. चौकशी मंगळवारनंतर आहे म्हणे. म्हणजे वेळ आहे.

२५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा
वाती लावणं रद्द केलं असतं तर लोकांना संशय आला असता. शिवाय देवाला शब्द दिलेला. दोन हौशी बायकांनी परातीत वाती मांडल्या, मी पेटवल्या. एकही विझेना. गुरव म्हणाले, इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही. शेवटी कुमुदिनीबाईंनी ओला पंचा टाकून विझवल्या आणि प्रसाद म्हणून बायकांना एकेक वात दिली. बाकीची परात माझ्याकडे.
रांगेत बाळी होती. तिने वात पदरात बांधली, शंकरापुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ उठली नाही. काय मागत होती ते मला माहीत होतं.

२६ नोव्हेंबर
सकाळीच टांगा करून पालेगावला गेले. टांग्यात मनाशी उजळणी केली: थोडक्यात, ताठ मानेने, एकदाच सांगायचं.
नवसू ओट्यावर हाताला पट्टी बांधून बसला होता. आत देवापुढे पणतीत माझी वात. मी म्हटलं, बाळी, मला काही सांगायचंय. पुढचं इंग्रजीत आठवलं, मराठीत नाही.
बाळीने पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाली, "उशीची खोळ मीच धुतली ना बाईसाहेब. तेव्हाच कळलं व्हतं."
मी विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलं?
"तुमी सांगाल म्हनून थांबलो."
नवसू पट्टीकडे बघत होता. त्याने सांगितलं, पेटी उचलली तेव्हाच जड लागली होती. साहेबांच्या घरातून आली म्हणून बोललो नाही. मी पाणी प्यायले आणि परत आले.

रात्री
ह्यांना सांगितलं. पत्र दिलं नाही. दोन वाक्यांत संपलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला आणि एवढंच विचारलं की वाती किती उरल्यात. मग सायकल काढून मॅनेजरच्या बंगल्यावर गेले. मी येऊ का विचारलं. नको म्हणाले.

२८ नोव्हेंबर
नवसू कामावर रुजू झाला. त्याने परातीतल्या वाती एकेक उलगडून, तेल जाळून, भट्टीच्या दारात ठासल्या. दार आठ तास तापवलं, काही झालं नाही. ह्यांनी अमेरिकेला कळवलं की माल उत्तम आहे.
कुमुदिनीबाईंनाही मी स्वतः जाऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, किती हो तुमचा विनय. वात त्यांनी चांदीच्या डबीत ठेवलीय. परत द्यायला तयार नाहीत.
बाळी आली नाही. निरोप आला: कालपासून कुमुदिनीबाईंकडे काम धरलंय.
भांडी मी घासली. उद्यापासून रोज दहा वाती, देशी कापसाच्या. आज तीन.
रविवारी पाहुणे येणार म्हणून कपाट उघडलं. उशीची खोळ वरच्याच कप्प्यात होती, धुतलेली, चार घड्या घातलेली. आत भरायला घरात काही नाही.