बाकाच्या टोकाला बसलेला पिचर

प्रिय व्हर्जिल,

काल नोराच्या शाळेत जाऊन आलो. आता दुसरीच्या पोरांना शिकवते ना ती, ‘आजोबा, तुमची बेसबॉलची पेटी घेऊन याच’ म्हणून हटूनच बसली होती. सोमवारी माझी छाती उघडणार आहेत, हे नातीलाही ठाऊक आहे आणि भाऊ म्हणून तुलाही. त्यासाठीच बोलावलं असेल, पण बोलली नाही. मी घाबरलोय रे.

पोरं मात्र भारी! च्युइंगगमच्या पुड्यात मिळायची ती खेळाडूंची जुनी कार्डं हुंगून बघत होती. च्युइंगगमचा वास अजून येतो त्यांना. तुझा कॅचरचा, चेंडू झेलताना घालायचा मुखवटा एकीने घातला तो काढेचना. एका टारगटाने विचारलं, ‘तुमच्या वेळी डायनोसॉर होते?’ म्हटलं, ‘होता की एक, तोच माझा कॅचर.’ रागावू नकोस.

मग मी आपल्या त्या अंतिम सामन्याचा चेंडू काढला. समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे धड फटका, मिळालेली नाही, असं चाललेलं असताना चेंडू टाकणाऱ्या पिचरशी कुणी अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर दृष्ट लागते, ही आपली रीत पोरांना सांगितली. त्या दिवशी पिचर मी, म्हणून बाकाच्या टोकाला एकटा, तुम्ही सगळे दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने. तू तर पाण्याचा पेलासुद्धा लांबूनच सरकवलास. पोरं खिदळली. पुढे बसलेली, दात पडलेली इडा तेवढी हसली नाही. म्हणाली, ‘मग भीती वाटली तर सांगायचं कुणाला?’

नोराने खिडकीकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, ‘कुणालाच नाही, बाळा.’ तशी ती उठली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. चेंडू मांडीवर घेऊन, तिला इंजेक्शनची किती भीती वाटते ते जेवणाची घंटा होईपर्यंत सांगत राहिली. मला फार बरं वाटलं.

व्हर्जिल, तू रोज फोन करतोस. टोमॅटो, पाऊस, तुझा तो खटारा ट्रक. ऑपरेशनचं नावही काढत नाहीस. दृष्ट लागू नये म्हणूनच ना, कळतं मला. तो सामना आपण जिंकलो, खरंय. पण शेवटच्या डावाआधी मला बाकावर भीतीने ओकारी येत होती, आणि तू मुद्दाम दुसरीकडे बघत होतास. या वेळी तसं नको करूस. रविवारीच ये. सोमवारी मला आत नेईपर्यंत शेजारी बस, आणि त्याच विषयावर बोल. लागली दृष्ट तर लागू दे.

तुझी वाट बघणारा, तुझाच
एल्डन