कॅप्टन डॉ. भिमाजीबाबांची कमान

॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥

आळे,
२ मार्च २०२५

चि. सौ. प्रतिभास,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तुझी व भरतरावांची खुशाली कळव.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शाळेत पोरांना गप्प करायची सवय रिटायर झाल्यावरही गेली नाही तुझी. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तर विषय असा. आपल्या आळीच्या तोंडाशी आजोबांच्या नावाची कमान उभी राहतेय. खांब झाले. काळ्या ग्रॅनाइटची पाटी मी हौसेने आधीच कोरून आणली. 'कॅप्टन डॉ. भिमाजीबाबा प्रवेशद्वार', सोनेरी अक्षरांत. ती ओसरीत पोत्याखाली झाकून ठेवलीय आणि तुझी वहिनी येता-जाता पोतं उचलून बघते. आणि आता गोकुळने खोडा घातला. वेशीपलीकडच्या मळ्यातला, गोजरबाईंचा मुलगा, आता ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. त्याने भर सभेत विचारलं, की कुठल्या पलटणीचे कॅप्टन आणि कुठल्या कॉलेजचे डॉक्टर ते आधी सांगा, मग पाटी चढवा. एक मेच्या ग्रामसभेत मला उत्तर द्यायचंय.

ज्या माणसाने इटलीच्या लढाईत जनरलच्या पायातली गोळी नुसत्या हातांनी काढली, त्याचं कॉलेज विचारतो हा! तुला आठवत असेल, कुणाचं पोट दुखलं की आजोबा त्याला आधी खळ्याभोवती फिरवायचे. सुई टोचण्याआधी मानेवर चापट मारायचे. रोगी आला की तोंड उघडून दात बघायचे, मग एकेक तळपाय वर उचलायला लावायचे. मी पुढे गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर झालो तेव्हा तिथे जनावरांनाही हीच रीत दिसली. तेव्हाच मी ओळखलं, की ही विद्या गुरांच्या डॉक्टरांनी आजोबांसारख्या मोठ्या डॉक्टरांकडून उचलली असणार. शिवाय दर दिवाळीनंतर पलटण त्यांना सल्ल्याला बोलवायची आणि परत येताना सरकार वासाच्या तांदळाचं पोतं द्यायचं, हे तर सगळ्या आळ्याने पाहिलंय.

ते मूळचे तळेघरकडचे, एवढंच आपल्याला ठाऊक. घरचे सगळे पटकीच्या साथीत गेले, असं ते सांगत. तुला घोडेगावाहून तळेघर जवळ. एकदा जाऊन ये. पलटणीचं नाव आणि कॉलेजचं नाव, एवढं आण.

वहिनीने आशीर्वाद सांगितलाय. माया आहे तशीच ठेव आणि उत्तराला शाळेच्या निकालासारखा उशीर लावू नकोस.

तुझा,
दादा

———

घोडेगाव,
१७ मार्च २०२५

ती. दादा,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मध्ये तोंड घालता येईना म्हणून दोनदा वाचलं.

आम्ही दोघं तळेघरला जाऊन आलो. जाताना एसटी मिळाली, येताना बराच रस्ता पायी तुडवला. ह्यांचे गुडघे अजून तुझं नाव घेतात. चहाच्या टपरीवर मी कॅप्टन डॉक्टर भिमाजींची चौकशी केली. कुणालाच काही माहीत नव्हतं. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, की डॉक्टर तर न्हाई ठावं, पर खेचरवाला भिमा व्हता एक, त्याची पुतनी हाये की खालच्या वाडीत.

दादा, हे पुढचं बसून वाच. आपल्याला एक आत्या आहे. झुंबरबाई तिचं नाव. आजोबांचे थोरले भाऊ कुंडलिक, त्यांची ही लेक. नव्वदीला आलीय, पण अंगणात बसून हिरडा वाळत घालत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, की नाक तर भिमानानाचंच हाय. मी चाचरत विचारलं, की तुमचं सगळं घर पटकीत गेलं असं आम्ही ऐकत आलो. हातातला हिरडा तसाच ठेवून ती म्हणाली, की आमाला मारलं व्हय त्यानं? आन् मग दर साली दिवाळीमागनं आमचं भात कापाया कोन येत व्हतं?

तर पलटणीचा सल्ला तो हा. आणि सरकारी तांदूळ कुंडलिकआजोबांच्या खाचरातला.

तू विचारलेलं पलटणीचं नाव तिला सांगता येईना. ती म्हणते, खेचरांची पलटन. इटलीच्या डोंगरांत जिथे गाडी चढत नसे तिथे आजोबा खेचरांच्या पाठीवरून दारूगोळा आणि रोट्या पोचवत. पुढे आजारी खेचरांच्या तळावर मलमपट्टी करायला लागले. कॉलेज म्हणशील तर हेच. हुद्दा साधा शिपायाचा.

राहिला कॅप्टन. कॅप्टन हे त्यांच्या खेचराचं नाव होतं. फार हट्टी जनावर, कुणाचंही ऐकायचं नाही, म्हणून आजोबांनीच ठेवलं. एकदा चढणीवर ते ओरडले, की कॅप्टन, हल की मुडद्या. नेमके खरे कॅप्टनसाहेब मागून येत होते, आणि त्यांना तेवढी हिंदुस्थानी समजत होती. आजोबांना बरेच दिवस लीद उचलायला लावली म्हणे. ती जनरलच्या पायातली गोळी म्हणजे या कॅप्टनच्या खुरातला खिळा.

मी हसत हसत ऐकत होते, पण निघताना तिने एकच विचारलं, की नानानं आमाला का मारलं असंल? 

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
प्रतिभा

———

॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥

आळे,
२४ मार्च २०२५

चि. सौ. प्रतिभास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी चुलीत घालणार होतो. तुझ्या वहिनीने गॅस घेतल्यापासून घरात चूल नाही, म्हणून ते वाचलं.

म्हातारपणी माणसाचा घोळ होतो. तिचा दुसरा कुणीतरी भिमा असणार. तू मास्तरीण, तुला एवढं कळू नये? हे कुणाजवळ बोलू नकोस. भरतरावांनाही सांग, की त्यांनी काही ऐकलं नाही. गोकुळला मी सांगणार आहे, की युद्धात सगळे कागद जळाले.

तुला हसू येतंय. तू शिकलीस, शिक्षिका झालीस, तुला सगळ्यांनी बाई म्हटलं. मी जन्मभर काय ऐकलं ते तुला ठाऊक आहे. दवाखान्यातून घरी आलो की अण्णा मला आधी विहिरीवर अंघोळीला पाठवायचे. पाहुण्यांसमोर म्हणायचे, की माझा बाप कॅप्टन डॉक्टर आणि माझं पोरगं म्हशींच्या शेपट्या धरतंय. अण्णा गेले तोवर हेच चाललं. मी कधी उलटून बोललो नाही, कारण मलाही ते खरंच वाटायचं. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरात मी कमी निघालो, असं मनात धरून नोकरी पुरी केली. आता या वयात तू मला सांगतेस, की तो मोठा माणूस नव्हताच. मग मी कुणापुढे कमी पडलो होतो, प्रतिभा?

पुढचं लिहवत नाही. तब्येतीला जप. आपलेपणा आहे म्हणूनच रागावलो.

दादा

———

घोडेगाव,
६ एप्रिल २०२५

ती. दादा,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून या वेळी मध्ये तोंड घालावंसं वाटलं नाही. विहिरीचं मी पाहिलं होतं. तेव्हा लहान होते, तुला टॉवेल आणून द्यायचे, तेवढंच करता आलं.

मी परत आत्याकडे गेले. आजोबा आळ्यात राहिलेच का, ते विचारायला. तिने ते आजोबांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. लढाईवरून सुटल्यावर ते पलटणीचा कोट घालून रोजगार बघायला खाली उतरले. आळ्यात वेशीपलीकडच्या मळ्यात एक बैल पोट फुगून आडवा पडलेला. आजोबांनी त्याला उठवला, फिरवला, तेल पाजलं. बैल वाचला. मळेकऱ्याने कोट बघून आजोबांना डॉक्टरच म्हटलं. सकाळी त्याच्या आईच्या पोटात कळा उठल्या. आजोबा म्हणाले, की मी मानसांचा न्हाई. तो म्हणाला, की बैलाला उतार पडतो तर म्हातारीला का न्हाई पडनार? शेवटी आजोबांनी तिला खळ्याभोवती फिरवलं. आत्याने हातवारे करून सांगितलं, की घटकाभरात असा आवाज झाला, का कोंबड्या उडाल्या, आन् म्हातारी भाकर मागाया लागली.

मग गावाने त्यांना जाऊ दिलं नाही. कॅप्टनच्या गोष्टी ते प्रेमाने सांगायचे, ऐकणाऱ्यांनी तो हुद्दा त्यांनाच चिकटवला. आणि तळेघरचं कुणी आळ्यात आलं असतं तर एका शब्दात सगळं उघडं पडलं असतं. म्हणून त्यांनी सगळ्यांना पटकीत घातलं असणार, असं मी आत्याला म्हटलं. त्यावर आत्या म्हणाली, की असू दे, भात कापाया येत तर व्हता.

दादा, वेशीपलीकडचा तो मळा गोकुळचाच ना? आणि दात बघणं, चापट मारणं, पाय उचलणं, हे तू स्वतःच लिहिलंस. ही विद्या कुणी कुणाकडून उचलली, ते तुझ्याइतकं आळ्यात कुणाला कळणार? तू कुणापुढे कमी पडला नाहीस. त्या घरात आजोबांचं काम तू एकट्याने चालवलंस, फक्त खरं नाव लावून.

कागद जळाले असं सांगू नकोस. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एक तारखेच्या सुमारास आहे, म्हणून मी येऊ शकत नाही. पण आत्याला आळं बघायचंय. तू घेऊन जाशील?

वहिनींना नमस्कार. जिव्हाळा असाच राहो.

तुझी,
प्रतिभा

———

॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥

आळे,
५ मे २०२५

चि. सौ. प्रतिभास,
अनेक उत्तम आशीर्वाद. भरतरावांचा डोळा कसा आहे? त्यांना आता माझं अक्षर वाईट दिसेल, पण ते पहिल्यापासूनच तसं आहे.

तुझं पत्र मी आठवडाभर खिशात बाळगलं. मग जीप केली आणि तळेघरला गेलो. आत्याने माझीही हनुवटी उजेडाकडे वळवली. म्हणाली, नाक न्हाई, पर कान हाईत. लगेच गाठोडं घेऊन जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली.

ग्रामसभेला मंडप भरला होता. गोकुळने प्रश्न विचारला आणि मी उठलो. सरळ सांगून टाकलं, की आजोबा कॅप्टन नव्हते, कॅप्टन त्यांचं खेचर होतं. कॉलेज नव्हतं, खेचरांचा तळ होता. आणि त्यांना डॉक्टर या गावाने केलं, तेही गोकुळच्याच मळ्यात. मंडपात जे हसू फुटलं त्यात मीही हसलो. गोकुळ म्हणाला, की मग विषय संपला, पाटी परत करा.

तेव्हा बायकांतून गोजरबाई उठल्या, त्याची आई. म्हणाल्या, की गप बस रे. खळ्यावर फिरवली ती माझी आजेसासू. माझं लगीन बघून, मला लई वर्सं छळून मग गेली. ती कुनामुळं जगली? डॉक्टर काढायचा न्हाई. गोकुळ खाली बसला. मग एकेक जण उठून आजोबांनी आपल्या घरात कुणाला कसं फिरवलं ते सांगू लागला. सरपंच इंद्रायणीताईंना शेवटी माइक बंद करावा लागला.

आता कॅप्टन काढायचा प्रश्न. पाथरवट म्हणाला, की ग्रॅनाइटवरचं अक्षर बुजत नाही, पण दोन शब्दांच्या मधे एका अक्षराची जागा आहे. ताईंनी विचार केला आणि ठराव केला. काल रविवारी पाटी चढली. आता ती अशी वाचली जाते: 'कॅप्टन व डॉ. भिमाजीबाबा प्रवेशद्वार'. बाहेरगावचे लोक आत्तापासूनच विचारतात, हे कॅप्टन कोण. आळीतलं कुणीही सांगतं.

आत्याने कमानीखाली नारळ फोडला आणि म्हणाली, की नाना, आमी आलो बघ. मला पुढचं काही दिसेना.

समारंभ उरकतो न उरकतो तोच गोकुळ माझ्यामागे येऊन उभा. त्याची गाभण म्हैस फुगली होती आणि दवाखान्याला सुट्टी. फेटा, पांढरा सदरा, सगळं अंगावर तसंच घेऊन मी मळ्यात गेलो. म्हशीला तेल पाजलं, उठवलं, चोळत चोळत फिरवलं. गोकुळ दावं धरून चालत होता. आत्या बांधावर बसून बघत होती. म्हैस मोकळी झाली तेव्हा माझे कोपरापर्यंत हात भरलेले होते आणि सदऱ्याचं काही विचारू नकोस. मी विहिरीकडे निघालो, तर आत्याने वाटेत अडवलं. माझा भरलेला हात तसाच आपल्या हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, की हात आमच्या घरचा हाय.

मला पहिल्या वेळीच स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी 'काय म्हणालीस?' म्हणून परत विचारलं.

आत्या अजून इथेच आहे, जायचं नाव घेत नाही. भरतरावांची पट्टी निघाली की दोघं या. आणि अशीच मला जीव लावून, मध्ये तोंड घालत राहा.

तुझा,
दादा